आठ वर्षं शेती

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात राजस्थानात अणुचाचण्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांनी कारखान्यात कंदी पेढे वाटले. मी तेव्हा सातारच्या एमआयडीसीत नोकरीला होते. साखर कारखान्यांच्या पंपांचे सुटे भाग आम्ही करायचो. माणसं पन्नासेक. मी पत्रव्यवहार बघायचे, म्हणजे टाइपरायटर, फॅक्स आणि साहेबांचं इंग्रजी सरळ करणं. वय पंचवीस, घर सांगलीजवळ माधवनगरला, साताऱ्यात एका खोलीत दोघीजणी राहायचो.

पेढ्यांचा खोका घेऊन मी लेथपाशी गेले, तेव्हा मिस्त्रींनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. हातातच धरून उभे राहिले.

"ताई, असल्या कामाच्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी आट वर्सं लेथ चालवलीया," ते म्हणाले. "काय करतोय ते आमाला कुनी सांगितलं न्हाई. पर केलं मातूर लय नीट."

मग डोळे पुसून त्यांनी पेढा खाल्ला. आजूबाजूच्या चार-पाच जणांनी ते ऐकलं, कुणी टाळी दिली. मला तेव्हा त्यात लपवून ठेवण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

मिस्त्री आटपाडीकडचे, पन्नाशी ओलांडलेले, आठवी शिकलेले. आमच्यासारखेच बौद्ध. कारखान्यात मी त्यांना मिस्त्री म्हणायचे, एरवी काका. आमची ओळख वाढली ती मशीनमुळे. साहेबांनी अमेरिकेतल्या एका कंपनीकडून मिलिंग मशीन मागवलं होतं. पाच दिशांनी वळत एकाच वेळी कापणारं, संगणकावर चालणारं. तसलं मशीन तेव्हा साताऱ्यात आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. एप्रिलमध्येच त्याच्या तीन पेट्या शेडमध्ये येऊन पडल्या होत्या. त्या कंपनीचा माणूस येऊन सील तोडणार, जोडणी करणार आणि संगणकात परवलीचा आकडा घालणार, तोपर्यंत ते नुसतं लोखंड. मशीन मिस्त्रींनीच चालवायचं हे ठरलेलं होतं. माहितीचं पुस्तक मात्र इंग्रजीत. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी एकेक पान मराठीत सांगायचे आणि ते दोनशे पानी वहीत उतरवून घ्यायचे. मध्येच थांबवायचे, "ह्येला इंग्रजीत काय म्हनत्यात? पुन्ना म्हन." मी म्हणायचे. ते ओठांतल्या ओठांत घोळवायचे.

दिवाळीनंतर फॅक्स आला. आला म्हणजे अर्धा तास येतच राहिला. गुळगुळीत कागदाची भेंडोळी जमिनीवर लोळायला लागली. अमेरिकन सरकारने भारतातल्या काही संस्था आणि कंपन्यांची यादी केली होती. त्यांना असली यंत्रं, सुटे भाग किंवा माहिती परवान्याशिवाय मिळता कामा नये असा नियम झाला होता. मशीन पाठवणाऱ्या कंपनीने कळवलं होतं की पेट्या उघडण्याआधी ती यादी तपासा. तुमचं कुठलं गिऱ्हाईक त्यात आहे का, आणि मशीनवर जी माणसं काम करणार त्यांच्यापैकी कुणाचा त्यातल्या कुठल्या जागेशी संबंध आहे किंवा होता का, ते लेखी द्या. प्रत्येक माणसामागे एक फॉर्म. पूर्ण नाव, यापूर्वी वापरलेली नावं, आजवरच्या सगळ्या नोकऱ्या. खाली साहेबांची सही, माहिती खरी असल्याची.

मी फूटपट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. गिऱ्हाइकांची कार्डं शेजारी. तीन दिवस लागले. गिऱ्हाइकांपैकी कुणी निघालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रींची प्रयोगशाळा सापडली. पूर्ण नाव, गावासकट. मी तीच ओळ तीन-चारदा वाचली.

साहेबांना दाखवलं तेव्हा त्यांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"पेढे वाटले त्या दिवशी मिस्त्रींनीच सांगितलं, चार-पाच जणांना."

"प्रयोगशाळेत असताना त्यांचं आडनाव हेच होतं?"

नव्हतं. मिस्त्रींचं जुनं आडनाव गावकीच्या कामावरून पडलेलं होतं. ते उच्चारलं की समोरच्याला आमची जात कळायची. वडील वारल्यावर त्यांनी गॅझेटमध्ये छापून ते बदललं, पण तोवर प्रयोगशाळेची नोकरी संपली होती. तिथले सगळे कागद जुन्या नावाचे. हे मला माहीत होतं, कारण आमच्या घरीही तेच झालं होतं. साहेबांना मी ते सांगून टाकलं. का सांगितलं कोण जाणे. विचारलं म्हणून सांगितलं.

साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग प्रश्नच मिटला. यापूर्वीची नावं हा रकाना कोरा ठेवा. आणि ती आठ वर्षं शेती लिहा. घरची शेती, आटपाडी. कोण शोधायला जातंय? तुमच्यात बदलतातच की नावं."

ते वाईट मनाने म्हणाले नव्हते. साहेब स्वतः शून्यातून वर आलेले, त्या मशीनसाठी सहा वर्षं धडपडलेले. पण ते शेवटचं वाक्य माझ्या कानाला चिकटून बसलं. मी "हो" म्हणून बाहेर आले आणि फॉर्म टाइपरायटरवर चढवून तशीच बसून राहिले.

फॉर्मवर माणसाची स्वतःची सहीही लागणार होती. मिस्त्री त्या आठवड्यात पुतणीच्या लग्नासाठी गावी गेले होते आणि कागद सोमवारी कुरियरने जायचे होते. शनिवारी मी माधवनगरला घरी गेले. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, गिरणी बंद पडल्यापासून घरीच असायचे. त्यांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "मी जिथं जिथं सही केली, तिथं नव्या नावापुढं ऊर्फ लावून जुनं लिहिलं. लाज वाटायची, पण लिहिलं. पगार बुडंल म्हणून." आणि जरा थांबून, "तू नोकरीतली माणूस. साहेब सांगंल तसं कर." आई आत भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं.

रविवारी सकाळी सांगलीहून एसटीने आटपाडी. तिथून वडापच्या जीपने दोन मैल. मिस्त्रींचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, लग्नाचा मांडव अजून सोडायचा होता. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली काचेत एक कागद लावलेला. त्या प्रयोगशाळेचा दाखला. काम उत्तम, वर्तणूक उत्तम, जुन्या आडनावानिशी. काच पुसलेली होती.

काकूंनी चहा दिला. साहेबांनी सांगितलं तसा टाइप केलेला फॉर्म मी समोर ठेवून वाचून दाखवला. शेती म्हटल्यावर मिस्त्री हसले.

"शेती? आमच्या ह्या खडकावर? आट वर्सं?"

"खरं लिहिलं तर ते तुम्हाला मशीनला हात लावू देतील की नाही, मला माहीत नाही," मी म्हणाले. "कदाचित मशीनच उघडणार नाहीत."

त्यांचं हसू गेलं. "आनि असं लिवलं तर?"

"तर तुम्ही चालवाल."

ते उठून दारात गेले. बाहेर पोरं मांडवाच्या कागदी पताका ओढत होती. पाठमोरेच म्हणाले, "मी आवंदा बावन्न. आता पुन्ना असलं मशीन माज्या हाताखाली कवा यायचं?" मग आत येऊन त्यांनी माझ्या पेनने सही केली. नवं नाव, स्वच्छ अक्षरात. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. सही झाल्यावर त्या आत निघून गेल्या आणि मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मला सुटल्यासारखं वाटलं. निर्णय त्यांनी घेतला होता, मी फक्त कागद नेला होता. परतीच्या एसटीत मी हेच स्वतःला समजावत होते, तरी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. शेजारच्या बाईने विचारलंसुद्धा, "लय पैसं हाय का गं त्यात?"

फेब्रुवारीत त्या अमेरिकन कंपनीचा पाहुणा आला. साठीचा, काटकुळा, पायात साधे कॅनव्हासचे बूट. त्याने पेट्यांची सिलं तपासली, आकडे लिहून घेतले. पेट्या आलेल्या जागीच आहेत ना हे बघायला जमिनीवरच्या धुळीकडेसुद्धा वाकून बघितलं. मग म्हणाला, मशीनवर काम करणाऱ्या तिघांशी बोलायचं आहे, एकेकट्याशी. दुभाषी म्हणून मी चालेन, पण मालकांनी बाहेर थांबावं.

ड्रॉइंगच्या खोलीला काचेचं दार होतं. साहेब बाहेर उभे, हात मागे बांधून. आतलं ऐकू जात नव्हतं, दिसत मात्र होतं. पहिली दोघं दहा-दहा मिनिटांत झाली. मग मिस्त्री आले, इस्त्रीचा सदरा घालून.

पाहुण्याने फॉर्म समोर ठेवला. नाव विचारलं, गाव विचारलं. मग खिशातून बोटभर लांबीचा पोलादी तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि मायक्रोमीटर पुढे केला. मोजा म्हणाला. आधीच्या दोघांनी तुकडा उचलून सरळ मोजला होता. मिस्त्रींनी तो फडक्यात धरला, पुसला, खाली ठेवला आणि गप्प बसले. पाहुणा माझ्याकडे बघायला लागला.

"हाताची ऊब लागली की धातू वाढतो, म्हनून थांबलोय," मिस्त्री म्हणाले. मी सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही टोकांना मोजलं आणि म्हणाले, "ह्या अंगाला जरा जास्त हाय. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढं." मी तेही सांगितलं.

पाहुणा खुर्चीत मागे रेलला. त्याने पहिल्यांदा हसून बघितलं. "हे शेतात शिकलात?"

त्याच्या आवाजात टोमणा होता की कौतुक, मला आजही सांगता येणार नाही. मी मिस्त्रींना तसंच विचारलं, "हे शेतात शिकलात का, म्हणतायत." आणि डोळ्यांनी विनवलं की हो म्हणा, नाहीतर काहीतरी सांगा.

मिस्त्री माझ्याकडे बघतच नव्हते. पाहुण्याकडे बघून मराठीत, सावकाश म्हणाले, "न्हाई. शेती खोटी हाय. मी सरकारी प्रयोगशाळेत आट वर्सं हुतो, लेथवर. तितं शिकलो. सांग त्यांला, ताई."

दाराबाहेर साहेब. त्यांना वाटलं असावं सगळं छान चाललंय, कारण मघाशी पाहुणा हसला होता.  आणि मी इंग्रजीत म्हणाले, "ते म्हणतात, तरुणपणी सांगलीत एका जुन्या कारागिराच्या हाताखाली शिकलो."

पाहुण्याने पेन उचललं. पण मिस्त्रींनी मान वळवली. "ताई, मी सांगली कुटं म्हनलो?"



ते पुढे झुकले आणि ओठांत घोळवलेल्या इंग्रजीतले शब्द एकेक करून टेबलावर ठेवावेत तसे म्हणाले, "नो सांगली. एट इयर. गव्हर्नमेंट. लेथ."

 पाहुण्याने पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "त्यांचं बोलणं तुम्हाला समजलं नव्हतं का?"

"समजलं होतं," मी म्हणाले.

त्याने रागावून काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, पुन्हा सुरुवातीपासून सांगा, त्यांनी म्हटलं तेच, शब्दाला शब्द. मी सांगितलं. प्रयोगशाळेचं नाव, वर्षं, जुनं आडनाव. ते तर मला तीनदा उच्चारावं लागलं, त्याला ते लिहिता येईना, शेवटी मीच त्याच्या वहीत लिहून दिलं.  काचेबाहेर साहेबांचे हात पाठीमागून सुटून खाली आले होते.

बाहेर आल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुम्ही सांगितलंत तसं मी लपवायला बघितलं, साहेब. मिस्त्रींना ते पटलं नाही."

 मला वाटलं, नोकरी गेली. पण ते वळले, दार ढकलून आत गेले आणि उभ्याउभ्याच पाहुण्याला म्हणाले, "शेती हा शब्द माझा. त्या मुलीचा नाही, त्या माणसाचाही नाही." हे मी दारातून ऐकलं. पुढे कित्येक महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, तरी त्या एका वाक्यासाठी मी त्यांना कधी वाईट म्हणू शकले नाही.

पाहुणा सिलं न तोडता त्याच दुपारी पुण्याला गेला. मिस्त्री मागच्या नळावर हात धूत होते. मी जवळ गेले. माफी मागायची होती, पण निघालं भलतंच.

"मग सही कशाला केलीत, काका? तेव्हाच नाही म्हणायचं होतं."

"चुकलंच माजं," ते म्हणाले. "तू गेलीस, त्येच्यानंतर तुजी काकू चार दिस बोलली न्हाई. मग एक दिस म्हनली, नाव बदललं ते ताठ मानेनं जगायला म्हनून बदललं. आन आता तुमी त्याच नावाच्या मागं लपून बसलाय." नळ बंद करून त्यांनी हात सदऱ्याला पुसले. "माजं ठरत नव्हतं बग. आत गेलो तवा बी ठरलं नव्हतं. त्यानं हसून इचारलं, तवा ठरलं."

"आणि मी खोटं सांगितलं."

"व्हय. तू घाबरलीस." एवढंच म्हणाले. नंतर तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मी मिस्त्रींचा खरा फॉर्म नव्याने टाइप केला, सोबत साहेबांच्या सहीचं खुलाशाचं पत्र. मग वाट बघणं. पेट्यांवर धूळ साचली. कारखान्यात दोन तट पडले. मिस्त्रींमुळे मशीन गेलं म्हणणारे काही, आणि देशाचं काम केलं तर त्यात गुन्हा काय म्हणणारे काही. पेढ्यांच्या दिवशी टाळी दिलेला एकजण तर मिस्त्रींच्या पंक्तीला जेवायला बसेनासा झाला. फॅक्सची घंटी वाजली की मी हातातलं टाकून धावायचे.

जुलैत उत्तर आलं. मशीन उघडायला हरकत नाही, पण अटींवर. प्रत्येक भाग कुणासाठी केला, कुणी केला, कुणी सूचना दिल्या, याची नोंदवही ठेवायची. मिस्त्रींनी मशीनवर काम करायचं नाही आणि मशीनची माहिती त्यांना द्यायची नाही. हे त्यांना समजावून सांगायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं नाही. स्वतः लेथपाशी जाऊन सांगितलं. मिस्त्री "बरं" म्हणाले. माहिती तर त्यांना पाठ झाली होती. ती काढून कशी घ्यायची, हे पत्रात लिहिलेलं नव्हतं.

नोंदवही माझ्याकडे आली. मशीन सुरू झालं, आधीची दोघं ते चालवायला लागली. मिस्त्री दहा पावलांवर जुन्या लेथवर, त्याच्याकडे पाठ करून काम करायचे. पाठ मुद्दाम होती की लेथच तशी बसवलेली होती, मी कधी विचारलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला एक दिवस मी वही घेऊन शेडमध्ये उभी होते. मशीन पंपाच्या आतला एक मोठा पंखा कापत होतं. एकाएकी मिस्त्री मागे न बघताच ओरडले, "थांबव! थांबव रं!" चालवणाऱ्याने घाबरून लाल बटण दाबलं. कापायचं हत्यार धारेला तडकलं होतं. आणखी दोन मिनिटं चाललं असतं तर त्याच्या तोंडावर उडालं असतं. नुसत्या आवाजावरून त्यांनी ते ओळखलं होतं.

सगळे जमले. कुणीतरी पाणी आणलं. मी वही उघडून उभी, पेन हातात. सूचना कुणी दिल्या, हा रकाना माझ्यापुढे होता. साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "ओरडणं म्हणजे सूचना होते का हो?" त्यांनी हळूच विचारलं. तो हुकूम नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. नोंद केली तर पुन्हा पत्रं, पुन्हा पाहुणा, पुन्हा सील. नाही केली तर कुणाला कधी कळणार नव्हतं.

मी लिहिलं. वेळ, भाग, तडकलेलं हत्यार, आणि पुढे इंग्रजीत, की शेजारच्या लेथवरच्या कामगाराने धोका ओळखून हाक दिली. खाली मिस्त्रींचं नाव. साहेबांनी वाचलं, खाली सही केली. ती पानं महिन्याच्या शेवटी नेहमीप्रमाणे फॅक्सने गेली. पुढचे पंधरा दिवस मी नीट जेवले नाही. त्या नोंदीबद्दल तिकडून कधी एका शब्दानेही विचारणा झाली नाही. वाचली नसेल, किंवा वाचून कुणीतरी सोडून दिली असेल.

मिस्त्रींना मात्र मी त्याच दिवशी सांगितलं होतं, की लिहिलंय.

"नावानिशी?"

"नावानिशी."

"मग ठीक हाय," ते म्हणाले आणि लेथचा पट्टा चढवायला वळले.